घड्याळजीच्या नडग्या

"पँट वर कर," ताई म्हणाली.

"अगं, दारातच?"

"दारातच. आधी नडगी दाखव, मग आत ये म्हण."

घड्याळजीने निमूटपणे पँट गुडघ्यापर्यंत ओढली. नडगीवर वांग्याच्या रंगाचा डाग, शेजारी पिवळा पडत चाललेला दुसरा. ताईने त्याची बाहीही वर सारली. दंडावर तिसरा, अगदी ताजा.

आई गेल्यावर ह्या भावाला ताईनेच वाढवलं होतं. लहानपणी कुणी त्याला ढकललं, तर ढकलणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला ढकलून येणारी ही बाई. नात्यातल्या बायकांवरही तिची नजर असे. एका भाचेसुनेने पोहण्याच्या पोशाखातला स्वतःचा फोटो भिंतीवर लावला, तेव्हापासून त्या घरचा चहा ताईने वर्ज्य केला होता.

आणि भाऊ? त्याने उभ्या जन्मात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. घड्याळं काही माणसाला लाथा घालत नाहीत. घरात दुसरं माणूस एकच, त्याची बायको. दातांची डॉक्टर. नवऱ्याहून वीतभर उंच, खांदे कपाटाएवढे. तिचा हात नुसता दिसला तरी अक्कलदाढ आपण होऊन बाहेर येते, असं ताई सांगत फिरे. लग्न ठरलं त्याच दिवशी तिने वहिनीचं नाव 'दातवाली' ठेवलं होतं.

"मारते ना तुला?"

"कोण?"

"मी विचारतेय, तर हा मलाच विचारतो! मागे खांदा धरून बसला होतास. म्हणालास, दार लागलं. मग लंगडायला लागलास. म्हणालास, दुसरं दार लागलं. तुमच्या घराला दारं तरी किती आहेत रे, बारक्या?"

बारक्या ऊर्फ घड्याळजीने पँट खाली सोडली.

ताईने हातातली बॅग त्याच्यापुढे आपटली. रिकामी होती. "कपडे भर. आजच्या आज माझ्याकडे यायचंस. वकिलाशी बोलूनच निघालेय मी. नाही संसार, तर नाही. भाऊ जिवंत पाहिजे मला."

"ताई, ऐक तरी..."

पण ताई आतल्या खोलीत पोचलीसुद्धा. कपाट उघडून तिने शर्ट खेचायला सुरुवात केली, तशी शर्टांमागून एक लांबलचक पिशवी निसटून पलंगावर आडवी झाली. आत मनगटाएवढ्या जाडीचे, चकचकीत, पोलादी दांडे.

ताई मटकन पलंगावर बसली. "अगं बाई! ह्यानं मारते?"

घड्याळजीने पिशवीकडे पाहिलं. ताईकडे पाहिलं, रिकाम्या बॅगेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तो पोल आहे, ताई. दोन्ही दांडे जोडायचे, जमिनीपासून छतापर्यंत उभा करायचा, पेच आवळायचा. पोल डान्सचा."

"म्हणजे ते खांबावर चढून लटकतात, ते?"

"लटकतात, फिरतात, उलटे होतात. भारी व्यायाम असतो. शनिवारी क्लास असतो आमचा."

"मेल्या, मला म्हणायचास बाहेर काम आहे! आणि मागे परगावी गेला होतास?"

"वर्कशॉप होतं. उलटं होऊन एक पाय मोकळा सोडायला शिकवत होते. तिथेच ही नडगी शेकली."

"खाली गादीबिदी घालतात की नाही?"

"घालतात. पण गादीवर किती भरवसा ठेवायचा?"

ताईने पिशवीतून दोन बोटांत एक चड्डी उचलली. "हे काय?"

"कातडी उघडी लागते. कापडानं पकड बसत नाही."

"पण एवढीशी?"

"ताणली जाते, ताई."

ताई चड्डीकडे बघत राहिली, मग भावाकडे. तिचे खांदे हलायला लागले. घड्याळजी घाबरून पुढे झाला, तर बाई हसत होती. हसता हसता पदराने डोळे पुसत होती. "आणि मी वकिलाला काय काय सांगून बसले रे! घटस्फोटाच्या गोष्टी केल्या! अरे, बोलायचंस की आधीच. तुला नाचायचंय तर नाच बापडा. लोक हसतील, दुसरं काय?"

"हो," घड्याळजी म्हणाला. "हसतील."

"बरं, करून दाखव."

"आज? आज अंगभर मलम चोळलंय. मलम लागलं की पोलवर माणूस साबणासारखा घसरतो."

ताईने वाकून हुंगलं. मलमाचा वास घमघमत होता.

तेवढ्यात कुलूप वाजलं. दातवाली दवाखान्यातून आली, आणि पलंगावर पसरलेला पोल पाहून खोलीच्या दारातच थिजली. ताईने धावत जाऊन तिला मिठी मारली. मिठी वहिनीच्या बरगड्यांपर्यंतच पोचली.

"मला माफ कर गं! नाही नाही ते मनात आणलं तुझ्याबद्दल."

दातवालीने ताईच्या डोक्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"ताईला सांगितलं मी," घड्याळजी म्हणाला. "पोलचं, क्लासचं, माझ्या नडग्यांचं. मी नाचलो तरी काही हरकत नाही, म्हणते ती."

दातवालीने पर्स खाली ठेवली. मग छातीत अडकलेला श्वास तिने सावकाश सोडला.

"तुला कसं चालतं गं हे?" ताईने विचारलं.

"क्लासला हा बरोबर नसला ना, ताई, तर माझा जीव वर-खाली होतो."

ताईला भरून आलं. असली बायको आपल्या भावाला मिळाली, आणि आपण तिला नावं ठेवत बसलो! रिकामी बॅग उचलून ती निघाली. जिना उतरतानाही हसू आवरत नव्हतं. खालच्या मजल्यावरून तिचा आवाज आला, "जपून लटक रे, बारक्या!"

दोघांनी दार लावून घेतलं. मग घड्याळजीने दांडे जोडले, पोल उभा केला, पेच आवळले. दातवाली कपडे बदलून आली. तळव्यांना पावडर चोळून ती बघता बघता छताला भिडली, उलटी झाली आणि तिने एक पाय मोकळा सोडला.

"सुटतेय हं मी," ती वरून ओरडली.

"ये," खाली दोन्ही हात पसरून उभा असलेला घड्याळजी म्हणाला, आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.