फार्महाऊसवरची रेलबस

एका संस्थानाच्या नॅरोगेज रेल्वेवरच्या पाचही पेट्रोल रेलबस, म्हणजे रुळांवर धावणाऱ्या बसगाड्या, भंगारात गेल्या, असं रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्या शालिनीने आपल्या पुस्तकात छातीठोकपणे लिहिलं होतं. आता त्यातलीच एक म्हणे गुरुग्रामच्या फार्महाऊसवर उभी होती आणि मालकाला शालिनीकडून ती अस्सल की नकली याचा दाखला हवा होता. ताजा रंग बघून तिला बरं वाटलं, बनावटच असणार. या गाड्यांना उलटं धावणं जमत नसे. शेवटच्या स्टेशनात गाडी पोटाखालच्या जॅकवर उचलून ड्रायव्हर हाताने फिरवायचा. बनवणाऱ्याला हे कुठून ठाऊक? ती साडी सावरत गाडीखाली वाकली. जॅक होता, तोही झिजलेला. “मॅडम, नकली लिखिए,” मालक कुजबुजला. “असली निकली तो सरकार ले जाएगी, इसमें बार कैसे बनेगा?” ‘नकली’ लिहिलं की त्याचा बार वाचत होता, तिच्या पुस्तकाची अब्रूही. इतकं सोयीचं खोटं तिला कधी भेटलं नव्हतं. तिला त्या सोयीचाच संशय आला. तिने ‘अस्सल’ लिहिलं.