पाचवा फाउल

"म्हाताऱ्याला बसवा! नव्या पोराला खेळवा!" मोमीन पुन्हा ओरडला, तसा दिग्यानं त्याच्या हातातला शेंगदाण्याचा पुडा उडवला.

"लेका, जामदारभाऊनं तीनदा कप आणलाय. जरा दम धर की!"

"तेव्हा आणला! आज एक तरी बॉल रिंगमधी गेला काय?"

दिग्याचं डोकं सणकलं. शाळेत असल्यापासून त्यानं भाऊची बास्केटबॉलची एकही मॅच चुकवली नव्हती. त्यानं सरळ मोमीनची गचांडी धरली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बॉल लांब असताना जामदारभाऊनं समोरच्या गड्याला मुद्दाम मिठीच मारली होती. पाचवा फाउल, म्हणजे खेळाडू बाहेर. भाऊ गुमान चालत आला, नव्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि बाकावर बसून टाळ्या वाजवू लागला.

गचांडी सोडून दिग्या कठड्यावर चढला.

"जामदाऱ्या!" तो बोंबलला. "मग मी कुणासाठी भांडत होतो रं?"