खोक्यासाठी गाऱ्हाणं

जुन्या जपानी ॲनिमेच्या डिस्क जमवणाऱ्या दीपेशनं कित्येक वर्षं शोधून एका दुर्मिळ मालिकेचा अख्खा संच जपानातून मागवला, आणि तो वाटेत कुठेतरी अडकला. दीपेशला अन्न गोड लागेना. शेवटी आई नारळ घेऊन त्याला रवळनाथाच्या देवळात घेऊन गेली. तिथे तिनं मानकरी लवूआजोबांच्या कानात काहीतरी सांगितलं. गावकरी जमले आणि आजोबांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा! ह्या झिलाच्या कार्टुनांचो खोको खंय अडाकलो असात, तो सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

'कार्टून' हा शब्द दीपेशला झोंबला, पण देवासमोर वाद कसा घालणार? तोही ओरडला.

"खोक्याक कोणाची वायट नजर लागली असात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दीपेशला चेव चढला होता.

"आणि खोको इलो काय येत्या शिमग्याच्या आत ह्यो लगीन करतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज दीपेशचाच होता.

दोनच दिवसांत पोस्टमन दारात खोका घेऊन उभा राहिला. दीपेशनं त्यावरून एकदा हळुवार हात फिरवला.

"काका," खोका परत पोस्टमनकडे सारत तो म्हणाला, "ह्या नावाचो हंय कोण रवणा नाय."