चोरगल्लीला गेट

समाधान वेल्डर गेटच्या दुसऱ्या बिजागराला डाग देत होता, तेवढ्यात चाळीच्या बाजूने भिमाबाई आली. डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, हातात भाजीची किटली. ती एरवी थांबली नसती. पण ऐन गल्लीत खुर्ची टाकून, गेटची पाहणी करायला आलेले कचेरीतले भगवंतराव साहेब बसले होते.

“बाई, ही वाट आजपासून बंद,” सोसायटीचे सेक्रेटरी रमाकांत म्हणाले. “चौकातून वळसा घाला.”

“वळसा घालू तं पाऊण तास जाईन. बाराचा भोंगा होई जाईन. पोरं उपाशी मशीनवर उभी राहतीन.”

हे खरं होतं. धाग्याच्या कंपनीत जेवणाला अर्धाच तास मिळे आणि शहादा-शिरपूरकडची चाळीस पोरं भिमाबाईच्या भाकरीवर पाळी काढत.

“मग जरा लवकर निघत जा.”

“नळाले पाणी येतं आठले. त्याच्या आधी काय कोरड्या पिठाच्या भाकरी थापू?”

रमाकांतांनी साहेबांकडे पाहिलं. टोकरखाड्यातल्या या सोसायटीत दोन महिन्यांत तीन चोऱ्या झाल्या होत्या. स्कूटरची स्टेपनी गेली, गॅसची टाकी गेली आणि खुद्द रमाकांतांचा तांब्याचा बंब गेला. बंब भरलेला होता, त्यामुळे चोर अंगापिंडाने मजबूत असावा, असा पोलिसांचा कयास होता. चोर शिरतात अशा गल्ल्यांना गेट बसवायला प्रशासनाने अनुदान काढलं, पण लोकांच्या वहिवाटीच्या गल्लीला ते मिळणार नव्हतं. रमाकांत शाळेत हेडक्लार्क. त्यांनी अर्जात लिहिलं, ‘सदर गल्लीतून चोरांखेरीज कोणीही ये-जा करीत नाही.’ हे वाक्य जमायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या होत्या. बायकोला, मंगलाताईंना, त्यांनी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं.

भगवंतरावांनी फाईल उघडली. “या बाई रोज जातात का इथून?”

“रोज,” भिमाबाई म्हणाली.

“अधूनमधून,” रमाकांत म्हणाले.

“अर्जाप्रमाणे इथून फक्त चोर जातात.”

समाधानने मशीन बंद केलं.

“ते आपलं... कचेरीच्या भाषेत आहे, साहेब.”

“कोनी लिहिलं तसं?” भिमाबाईने विचारलं.

“यांनी.”

भिमाबाईने रमाकांतांना पायापासून चष्म्यापर्यंत पाहून घेतलं. “मंग लिवा, सायेब. चोर, भिमाबाई झिपरू सोनवणे. रोज साडेअकराले जाते, दीडले परत येते. रविवारी सुट्टी.”

“अहो बाई, तसं नव्हे हो—”

“तसंच! तुमी शिकेल मानूस, तुमी काय खोटं लिवाल?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. समोरचा सांगेल ते लिहून घ्यायचं, या एका सवयीवर त्यांची बावीस वर्षं नोकरी झाली होती.

“सायेब, मी बी इथूनच येतो कामाले,” समाधान म्हणाला.

“थांबा. एका वेळी एकच चोर.” साहेबांनी ओळ पूर्ण केली. “चोरीचा माल?”

भिमाबाईने पाटी उतरवून त्यांच्या पायाशी ठेवली. “झडती घ्या. बंब निंघाला तं पोलिसात द्या मले. नही निंघाला तं वाट द्या. पन झटकन.”

साहेबांनी फडकं उचललं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या, लसणाचा ठेचा, कांदे. किटलीचं झाकण काढलं तर शेवभाजी. त्यांनी झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग ‘बंब आढळला नाही’ असं लिहिलं.

“साहेब, पण गेट तर येऊन पडलंय,” रमाकांत म्हणाले.

“बसेल की. आलेलं गेट परत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही. फक्त वहिवाट दिसतेय, तेव्हा साडेअकरा ते दीड उघडं ठेवा. सोसायटीची हरकत नसेल तर तसा शेरा मारतो.”

“हरकत कशी नसेल? चोर नेमके त्याच वेळात येतील!”

“मग पकडायला सोपे.”

“दाखवा, कुठल्या नियमात बसतं हे,” म्हणत रमाकांतांनी फाईल त्यांच्या हातातून घेतली आणि उभ्याउभ्या पानं उलटू लागले. शेऱ्याचा कागद साहेबांच्या मांडीवरच राहिला.

भिमाबाईने चुंबळ डोक्यावर बसवली आणि पाटीपाशी वाकली. “दादा, हात लावा.”

भरली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही. समाधान गेटचं धूड पाठीने तोलून उभा होता. साहेब लिहीत होते. रमाकांतांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

त्यांनी एक हात पुढे केला.

“एका हातानी नका, दादा. ठेचा सांडीन.”

आता फाईल ठेवायची कुठे? खाली कालच्या नळाचा चिखल होता. साहेबांच्या मांडीवर कागद होता. भिमाबाईने तोवर कड धरून पाटी उचललीही होती. रमाकांतांनी फाईल दातांत धरली आणि दोन्ही हात पाटीखाली घातले.

“बोला सेक्रेटरी,” साहेबांनी वर पाहिलं. “सोसायटीची काही हरकत?”

पाटी रमाकांतांच्या छातीपर्यंत आली होती. फाईलमागून हुंकार आला, मग आणखी एक, जरा मोठा. साहेबांनी रीतसर थोडा वेळ वाट पाहिली आणि ‘हरकत नाही’ असं लिहून खाली तारीख घातली.

“अजून जरा वर, दादा,” भिमाबाई म्हणाली.