सुनेची हत्यारं

"आई, थांबा!" कल्पिता ओरडली. पण तोवर झेंडूचं फूल तांब्यात बुडून वर आलं होतं आणि पाण्याचे शिंतोडे डब्यात पडलेही होते.

दसऱ्याची सकाळ. गाडीच्या काचेवर झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. तुळसाबाई हातात ताट घेऊन गाडीच्या मागच्या उघड्या दाराशी उभ्या होत्या, आणि चेहरा असा खुललेला, जणू घरात लग्नच आहे.

"काय गो, घाबरलीस कशाला?" त्या म्हणाल्या. "दरसाल कोयत्याची पूजा करतंय, फावड्याची करतंय. आता गारीची केली. मंग माजे सुनेच्या हत्यारांनीच काय पाप केलंय?"

कल्पिता कल्याणच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, बांधून, वाफेच्या मशीनमधून निर्जंतुक करून द्यायची. ठाण्याच्या शाखेतलं मशीन बंद पडलं होतं. तिथे मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा कालपासून उपाशी, ऑपरेशनची वाट बघत पडले होते, आणि त्यांच्यासाठीची हत्यारं या डब्यात होती. गाडी हॉस्पिटलची, पण चालवायची जबाबदारी तिच्या नवऱ्याची, दिपेशची. दसऱ्याला पूजेशिवाय चाक पुढे न्यायचं नाही, असा त्याचा हट्ट. घर शीळ रस्त्यालाच, वाटेवर. "दोनच मिनिटं," तो म्हणाला होता. नवऱ्याच्या दोन मिनिटांवर विश्वास ठेवू नये, हे शहाण्या बायकोला कळायला हवं होतं.

तरी ती डब्याजवळून हलली नव्हती. पण ठाण्याहून फोन आला, शेजारी बेंजोचा बँड सुरू, एक अक्षर ऐकू येईना. म्हणून ती उतरून भिंतीआड गेली. तेवढ्यात सासूबाईंनी डब्याचं झाकण काढलं.

आत हिरव्या कापडाच्या दुहेरी घडीत बांधलेलं गाठोडं होतं. त्यावर चिमूटभर कुंकू, दोन पाकळ्या आणि पसरत चाललेले पाण्याचे चार ठिपके.

दिपेशने वाकून पाहिलं. "गाठोडं उघडलेलं नाय ना? वरच्यावर पानी आहे. ठाण्याला जाईपर्यंत सुकेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईला काय बोलू नकोस. सणाचा दिवस आहे गं."

बोलू नये असं कल्पितालाही फार वाटलं. हॉस्पिटलात भांडी घासायला जाते, असं तिच्याबद्दल आळीत सर्रास बोललं जायचं. त्या भांड्यांना आज सासूने हत्यारं म्हटलं होतं, कोयत्याच्या रांगेत बसवलं होतं. तिला भरून आलं. आणि पाणी तर खरंच सुकलं असतं. कोणाला कळणार होतं?

पण कापड ओलं झालं की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. वरून सुकलं तरी आत गेलेलं परत येत नाही. तिने ठाण्याला फोन लावला.

"समृद्धी सिस्टर, हत्यारांच्या सेटला पाणी लागलंय. परत नेऊन नव्याने करून आणते. डॉक्टरांना सांगा, आजोबांना अजून थांबावं लागेल." पलीकडून काहीतरी तडतडलं. "माझ्याकडून झालं," कल्पिता म्हणाली. "डबा माझ्या ताब्यात होता."

तुळसाबाई ताट घेऊन पुढे आल्या. "माज्यामुलं का गो? मी तर देवाचं पानी शिंपडलं."

समजवायचं कसं? कल्पिताने गाठोड्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आई, लग्नाच्या पहिल्या वर्षी मी कैरीच्या लोणच्यात ओला चमचा घातलेला. आठवतंय?"

"आठवल नाय तर काय! अख्खी बरनी ओतली मी उकिरड्यावर."

"चांगलं दिसत होतं की लोणचं."

"दिसायचं काय घेऊन बसलीस? ओल गेली ती गेली. चार दिस गोडगोड दिसतं, मंग आतून..."

तुळसाबाई मध्येच थांबल्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. बोटांवरून अजून पाणी ठिबकत होतं.

शेजारचा बेंजो रंगात आला होता.

"मंग उभी काय ऱ्हायलीस?" त्या एकदम दिपेशवर कडाडल्या. "फिरव गारी! तो म्हातारा तिकरं उपाशी हाय ना!"

गाडी कल्याणकडे फिरली. गाठोडं सुटलं, हत्यारं पुन्हा धुतली, कोरड्या कापडात बांधली, मशीनमध्ये गेली. थंड झाल्यावरच कल्पिताने डबा भरला आणि या खेपेला मांडीवरच घेतला.

उन्हं उतरताना गाडी परत घरावरून निघाली. थांबायचं नाही, असं ठरलंच होतं. पण रस्त्यात दसऱ्याची गर्दी, म्हणून वेग कमी झाला. शेजारचे राघोकाका आपट्याची पानं घेऊन हसत खिडकीशी आले.

"राघो, लांब हो!" फाटकातून तुळसाबाईंचा आवाज आला. "आता हात धुतलेस ना रं? ओला हात नको लावू गारीला! सोनं रातचं दे!"

राघोकाका बिचारे पानं घेऊन जागच्या जागी थिजले. दिपेश हसू दाबत होता. कल्पिताने डबा छातीशी धरला आणि मागे वळून पाहिलं.

तुळसाबाई फाटकाच्या आतच उभ्या होत्या, रस्त्यावर पाऊलही न टाकता. दोन्ही हात त्यांनी नव्या लुगड्याच्या कोरड्या पदरात गुंडाळून घेतले होते. गाडी पुढून जाताना त्यांनी मान लववली आणि हात जोडले, तेही पदराच्या आतूनच.