चंद्रपूरचा आवाज

टिकेशने भंगारातून आणलेला जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ ट्रान्समीटर वर्षभर खपून चालू केला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो त्यावरून चंद्रपूरच्या वृंदा मॅडमशी बोलत बसायचा; त्यांनाही हाच छंद होता.

"माह्याशी दोन शब्द नाही, अन् तिच्याशी काय बोलून राहिले जी?" त्याची बायको ओमेश्वरी विचारायची.

"मशीनचंच बोलून राहिलो," तो म्हणायचा.

जळफळत तिने गुपचूप अभ्यास करून हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओवर बोलण्याचा, परवाना मिळवला आणि एके दिवशी स्वतःच माईक हातात घेतला. "मी टिकेशजीची घरवाली बोलून राहिली."

मॅडम हसल्या. "बरं झालं आलात. व्हॉल्व्हचं ऐकून ऐकून मी कंटाळले होते."



आता रोज संध्याकाळी टिकेश चहा घेऊन दाराशी उभा असतो आणि बायको कधी मोकळी होते म्हणून ट्रान्समीटरकडे रागाने बघत राहतो.