पास झालेला डबा

माणसानं घडवलेल्या वस्तूंमध्ये टिनच्या बंद डब्याइतकी निर्दोष वस्तू दुसरी नाही, असं श्यामकांत देवपुजारी यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी पुन्हा एकदा मांडलं तेव्हा ते ओट्यासमोर उभे राहून पेचकसाचं टोक टेकवून वर बत्ता मारत असाच एक डबा फोडत होते. भनपुरीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं डबे बंद होताना पाहिले. डबा उघडायचं साधन घरात कधी आणलं नव्हतं.

डबा इटलीचा होता. आत सोललेले टमाटर, सेंद्रिय. सकाळी सिलतऱ्याला कामावर निघताना मुलगा शिशिर कामावरच्या सवयीनं हिंदीतच म्हणून गेला, की इकडे शेतकरी ट्रॅक्टर भरभरून टमाटर रस्त्यावर ओततात आणि आमच्या घरी ते विमानानं येतात. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

लक्ष सगळ्यांचं मीनलकडे होतं. सुनेला पाचवा महिना होता आणि वजनाचा काटा महिनाभर जागचा हलला नव्हता. डॉक्टरीणबाई रागावल्या होत्या. पोळी पाहिली की मीनलला उमासे येत, वरणाचा वास नको होई. मन जाई ते फक्त टमाटरांवर. पण बाजारातल्या टमाटरांवर फवारणी असते. गाडीवरचा माणूस सेंद्रिय म्हणतो, पण तो वांग्यांनाही सेंद्रिय म्हणतो आणि प्लास्टिकच्या बादलीलाही. राहिला डबा. तर डब्याच्या आतल्या अस्तरात एक रसायन असतं आणि ते आंबट टमाटरात उतरतं, असं तिनं वाचलं होतं. आमच्या अस्तरात ते नाही, असं कंपनीनं या डब्यावर छापलेलं होतं. छापायला काय जातं, असं मीनल म्हणाली.

मीनल सगळं वाचत असे. औषधाच्या खोक्यातला चिठोराही ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पुन्हा त्याच घडीत ठेवी.

अस्तरावर कोणी बोललं की श्यामकांतांना ते घराण्यावर बोलल्यासारखं वाटे. कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी जन्मभर अस्तरच पाहिलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी हा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा ते तीन दिवस सुनेशी जेवढ्यास तेवढंच बोलले. चौथ्या दिवशी तिच्या ताटातली अख्खी पोळी तशीच परत जाताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्यानं राहवलं नाही.

"मी स्वतः डबा मोरचुदाच्या पाण्यानं तपासून देतो. मग खाशील?"

मीनलनं हातातला फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "हव, बाबा."

त्या दिवसापासून डबा शोधण्यात दिवस गेले. शेवटी एका मॉलमध्ये, मधाच्या बाटल्यांमागे, तो सापडला.

आता श्यामकांतांनी टमाटर स्टीलच्या गंजात ओतले, डबा धुतला आणि माळ्यावरून मोरचुदाची बरणी काढली. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. श्यामकांत कारखान्यातून ही बरणीही घेऊन आले होते. काहून आणली, असं बायकोनं, पद्मिनीबाईंनी, विचारलं तेव्हा त्यांना सांगता आलं नव्हतं. आज सांगता आलं असतं. मोरचुदाचं निळं पाणी डब्यात, फोडलेल्या काठाच्या बोटभर खाली येईल एवढं, भरायचं आणि थांबायचं. अस्तराला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिथल्या उघड्या पत्र्यावर तांबूस ठिपका धरतो. ठिपका दिसला की डबा नापास.

ते डबा घेऊन गच्चीवर गेले. वीस मिनिटं पुरतात. ते चाळीस मिनिटं बसले.

खाली टमाटर त्या स्टीलच्या गंजात पडून होते आणि पद्मिनीबाईंना ते पाहवेना. त्यांनी लसूण ठेचला, हिरवी मिरची चिरली, कढईत तेल टाकलं.

"अहो, मी चटणी करून राहिली," त्यांनी जिन्यातून वर सांगितलं. "पास झाला तर पोट्टी खाईल. नापास झाला तर आपण दोघं खाऊ. आपल्याले आता काय होते."

श्यामकांत खाली आले तेव्हा चटणीचा वास दारापर्यंत आला होता. त्यांच्या एका हातात भिंग होतं, दुसऱ्या हातात रिकामा डबा. टेबलावर मीनलसमोर ताट होतं. ताटात दोन पोळ्या, चटणी, वरून कोथिंबीर. तिनं काहीही उष्टावलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती वाट पाहत होती.

"पास झाला का, बाबा?"

एकतीस वर्षं संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना चहा विचारला गेला, हातपाय धुऊन घ्या म्हटलं गेलं, भाजी आणली का हेही विचारलं गेलं. हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला.

"एक ठिपका नाही," ते म्हणाले. "पास."

मीनलनं घास मोडला. मग दुसरा. दोन पोळ्या संपल्या तेव्हा तिनं तिसरी मागितली आणि त्या पोळीनं कढईच पुसून घेतली. पद्मिनीबाईंनी तोंड फिरवलं आणि बंद असलेला गॅस पुन्हा एकदा बंद केला. श्यामकांत डबा उजेडात धरून सांगत होते, अस्तर कसं चढवतात, भट्टीत कसं पक्कं करतात, मोरचूद कसं कोणालाही सोडत नाही. मीनल भरल्या तोंडानं मान डोलवत होती, जणू हे सगळं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मोरचुदानं अस्तराची फक्त भोकं कळतात, रसायन कळत नाही, हे तिनं तीन आठवड्यांपूर्वीच वाचलं होतं.